कोरड्यास काय?

पुण्याकडच्या माणसापुढे कोरड्यास हा शब्द उच्चारला की तो आधी हसतो आणि मग अर्थ विचारतो. अर्थ सांगितला की पुन्हा हसतो. भाकरीबरोबर खायचं जे काही ओलं, पातळ, मग ती तुरीची डाळ असो, वांग्याचा रस्सा असो, नाहीतर हुलग्याचं तिखट पाणी असो, त्याला आमच्या सोलापुरात कोरड्यास म्हणतात. ओल्याला कोरड्यास म्हणणारी आम्ही माणसं उफराटी, असं लोकांना वाटतं. माझी सून शिकलेली आहे, ती याला ‘ग्रेव्ही’ म्हणते. म्हणेना का. पण माझ्या पोटच्या पोराने परवा पाहुण्यांसमोर, ‘आमच्या आईचा तो गावंढळ शब्द,’ असं म्हटलं, तेव्हा मी हातातली पळी खाली ठेवली आणि या शब्दापायी एकदा काय काय पणाला लागलं होतं ते त्याला ऐकवलं. पाहुणे निघून गेले तरी माझं चाललंच होतं. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, हे लिहून ठेव. म्हणून लिहिते आहे.

आम्ही गिरणीमागच्या चाळीत राहायचो. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. आण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते आणि आई घरात सात गिरणीकामगारांना जेवू घालायची. आमची खानावळ म्हणण्यासारखी खानावळ नव्हती. दारावर पाटी नव्हती की भिंतीवर देवाचं कॅलेंडर नव्हतं. मंद्रूपकडचे, कुंभारीचे, अक्कलकोटाकडचे बायकापोरं गावी ठेवून आलेले गडी पडवीत ओळीने बसत आणि आई वाढत असे, एवढीच ती खानावळ. पहाटेच्या पहिल्या भोंग्याआधी आई उठायची. मला भोंग्याने कधीच जाग आली नाही. काठवटीत भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला की यायची. तो आवाज मी अजून ओळखेन. आधी पीठ मळताना तळहाताचा दाबून घासल्याचा आवाज, मग थपथप थपथप, भाकरी मोठी होत गेली की आवाज रुंद होत जायचा, आणि मग एकदम गप्प. गप्प झाला म्हणजे भाकरी तव्यावर पडली. मग पाण्याचा हात फिरला की चर्र. चुलीत तुराट्या कडकडत. तीस-पस्तीस भाकऱ्या होईपर्यंत हे असंच चालायचं आणि त्यानंतर आई दुरडीवर फडकं टाकून उठायची, कंबर धरायची, आणि भगुलं पुढे ओढून कोरड्यासाला हात घालायची.

भाकरीचं काही सांगायला नको. ज्वारीची भाकरी असणारच. गडी हातपाय धुऊन पडवीत टेकले की त्यांतला कुणी भाकरी आहे का असं विचारल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न असे, “कोरड्यास काय हाय गं आक्का?” आईला ते सगळे आक्का म्हणत, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे शिदूमामासुद्धा. हे शिदूमामा मंद्रूपचे, आमच्या आजोळच्या गावचे, म्हणून मामा. आईचं उत्तरही ठरलेलं, “हाय ते हाय. ताटात बगा की.” अक्कलकोटाकडचा मल्लप्पा म्हणून एक उंच, हडकुळा गडी होता. त्याची घरची भाषा कानडी. तो वाटीत वाकून बघायचा आणि म्हणायचा, “आक्का, डाळ पोहाया शिकली की हितं.” आई न बघता म्हणायची, “मग उडी टाकून काढ की तिला भाईर.” सगळे हसत आणि खात. खाताना बोलायचं नाही असं काही आमच्यात नव्हतं. बोलत बोलतच ती माणसं खात, भाकरी चुरून त्यावर कोरड्यास ओतून घेत, कडेला शेंगाची चटणी, वर बुक्कीने फोडलेला कांदा. आईच्या हाताला चव होती का, असं आता कुणी विचारतं. मला सांगता येत नाही. सात माणसं वर्षानुवर्षं तिथेच जेवत राहिली, एवढं खरं.

मी मुलींच्या मराठी शाळेत सातवीत होते. सातवीत आम्ही नऊ जणी होतो आणि गिरणीच्या चाळीतून आलेली मी एकटीच. बाकीच्यांच्या आया पोरींना शाळेत सोडायला येत. मी आण्णांच्या पाळीबरोबर निघायची आणि दोन रस्ते ओलांडले की बोली बदलायची. घरात व्हय, शाळेत होय. घरात हितं, शाळेत इथे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. चप्पल बाहेर काढून आत जावं, तसं मी ते वेशीवरच काढून ठेवत असे. सातवीच्या शेवटी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा असे. ती पास झाली की मुलीला मास्तरीण होता येई. त्या एका परीक्षेवर माझं काय अवलंबून होतं ते सांगते. मंद्रूपला एक स्थळ येऊन बसलं होतं. जमीन बरी, मेंढरं पन्नासेक, मुलगा चौथीतच शाळा सोडलेला. आण्णांची तयारी होती. आईने एकच अट घातली होती, ‘फायनल होऊ दे, मग बगू.’ फायनल झाली तर बघणं लांबणार होतं आणि नाही झाली तर बघण्यासारखं काही उरणारच नव्हतं. हे आम्हां तिघांनाही ठाऊक होतं.

आम्हाला मराठी शिकवायला परांजपेबाई होत्या. पुण्याच्या. लहान वयात नवरा गेला, त्यामागे शिकल्या आणि नोकरीला लागल्या. पांढरं पातळ, हातात काही नाही, आवाज एकदम स्वच्छ. त्यांचं मराठी ऐकताना मला वाटायचं, यांच्या बोलण्याला घडी पडलेली आहे. त्या दुष्ट नव्हत्या हे आधीच लिहून टाकते, कारण पुढची हकीकत वाचून कुणाला तसं वाटेल. विभक्तीचे प्रत्यय माझ्याइतके तोंडपाठ दुसऱ्या कुणाचे नव्हते आणि ते बाईंमुळेच. स, ला, ते, स, ला, ना, ते. मी ते भाकऱ्यांच्या तालावर म्हणायची. आई एकदा म्हणाली, कुठला मंतर जपतीस गं.

एकदा बाईंनी निबंध घातला, ‘आमच्या घरची सकाळ’. मला हा विषय सोपा वाटला. मी पाटावर बसून दीड पान लिहिलं, आणि त्यात एक वाक्य असं होतं, ‘भाकरी झाल्यावर आई कोरड्यास करते.’ वह्या परत आल्या तेव्हा त्या वाक्याखाली लाल रेघ होती आणि कडेला बाईंच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं, ‘कोणत्या कोरड्यास? आणि काय करते? वाक्य अपुरे.’ मला काही कळेना. एवढ्यात बाईंनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि यात काय चूक आहे ते ओळखा, म्हणून वर्गाला विचारलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला आणि म्हणाली, यात कर्म नाही. शाबास, बाई म्हणाल्या. माझी आई रोज दोन वेळा जे करत होती ते या वर्गाला दिसतच नव्हतं.

मी उठले आणि म्हटलं, “बाई, कोरड्यास हेच कर्म हाय.”

घाईत हाय निघून गेलं. आठ मुली हसल्या. बाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि मला शांतपणे विचारलं, कोरड्यास म्हणजे काय. मी सांगितलं, भाकरीबरोबर खातात ते. कोरडं असतं का? नाही, पातळ असतं. मग मात्र खुद्द बाईंनाच हसू आवरेना. पातळ असतं आणि त्याला कोरड्यास म्हणतात! वर्गाने ते उचललं. बाईंनी कपाटातून शाळेचा शब्दकोश काढला, टेबलावर ठेवला आणि मला बोलावून क-चं पान दाखवलं. कोरडा होता, कोरड होती, कोरडेपणा होता. कोरड्यास नव्हता. बाईंनी समजावून सांगितलं की ‘कोरड्यास’ ही चतुर्थी आहे, नाम नाही. आमटी म्हण, कालवण म्हण, तोंडीलावणं म्हण, पण हा शब्दच नाही. आणि वर्गात उलट बोलल्याबद्दल नेहमीची शिक्षा दिली, ‘कोरड्यास हा शब्द नाही’ असं पन्नास वेळा लिहून आणायचं. मधल्या सुट्टीपर्यंत माझं नावच कोरड्यास पडलं होतं.

पुढे कितीतरी वर्षांनी एका जाड कोशात मला तो शब्द सापडला. मला फार आनंद झाला, असं नाही. कोशवाल्यांना तो उशिरा सापडला, एवढंच.

घरी आले तेव्हा आई सुपात तूर घेऊन खडे वेचत होती. मी तिला विचारलं, कोरड्यास म्हणजे काय. ती म्हणाली, “म्हंजे काय म्हंजे? कोरड्यास म्हंजे कोरड्यास. तुजी बाई उपाशी ऱ्हाती का काय?” मी आमटीचं काढलं. तर म्हणाली, आमटीत चिंचगूळ पडतो, ती बामणाघरची, आपल्यात गूळ काय उतू चाललाय. यावर पुढे बोलण्यासारखं नव्हतं. मी वही घेऊन पडवीच्या कोपऱ्यात बसले आणि लिहायला लागले. हो, लिहायला लागले. मी पहिल्यापासून शूर होते असं सांगितलं तर ते खोटं होईल. मंद्रूपची मेंढरं डोळ्यापुढे होती. कोरड्यास हा शब्द नाही. कोरड्यास हा शब्द नाही. बारा ओळी झाल्या. अक्षरही चांगलं येत होतं.

तेवढ्यात पाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि गडी यायला लागले. कापसाचे पुंजके केसांत तसेच घेऊन शिदूमामा माझ्याशेजारी टेकले आणि आत तोंड करून त्यांनी रोजचंच विचारलं, “कोरड्यास काय गं आक्का?”

माझा टाक थांबला. हा प्रश्न मी जन्मल्यापासून ऐकत होते, पण वाक्य म्हणून आजच ऐकला. कोरड्यास काय? रामास काय? गाईस काय? स, ला, ते. मी शिदूमामांना विचारलं, मामा, तुम्ही हे काय विचारता? त्यांना वाटलं पोरगी चेष्टा करते. मी पुन्हा विचारलं. तेव्हा ते जरा चिडूनच म्हणाले, “भाकर कोरडी हाय. तिला काय हाय, असं इचारतोय. आनी काय इचारायचं असतंय?”

म्हणजे बाईंचं अर्धं बरोबर होतं. ती चतुर्थीच होती. फक्त तो प्रश्न इतक्या पिढ्यांनी, इतक्या वेळा, इतक्या दारांत विचारला की उत्तराचं नाव प्रश्नावरूनच पडलं. ताटात भाकरी आहे हे ठरलेलं. तिच्यासाठी आणखी काही आहे की नाही, हे मात्र रोज विचारावं लागायचं. असा शब्द भरल्या स्वयंपाकघरात कशाला तयार होईल? ज्यांना विचारायची पाळी आली त्यांनीच तो केला. मी मल्लप्पाला विचारलं, कानडीत काय म्हणतात. पल्ल्या, तो म्हणाला, भाजीला पल्ल्या. त्यात कोरडं कुठे आहे का? तो हसायला लागला. पल्ल्यात कसलं कोरडं, पोरीला ऊन लागलं का बघा, म्हणाला. पण माझं डोकं चालूच होतं आणि एका ठिकाणी अडलं होतं. भाकरी तर स्त्रीलिंगी. मग ‘कोरडीस’ व्हायला पाहिजे. कोरड्यास कसं झालं? हे मी मोठ्याने बोलले असणार, कारण चुलीपुढून आईचा आवाज आला.

“‘कोरडं गिळू नगं, ठसका लागंल,’ म्हणून रोज कोकलते मी. तवा ऐकू येत न्हाय व्हय?”

कोरडं. नपुंसकलिंगी. कोरडं गिळू नको. त्या कोरड्याला, कोरड्यास. माझ्या आईला लिंगवचन काही ठाऊक नव्हतं आणि तिने ते एका वाक्यात मोकळं केलं. मी लिहिलेल्या बारा ओळींवर एक आडवी रेघ मारली आणि जेवायला बसले. त्या दिवशी वांगी होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वही मागितली. मी दिली नाही. उभं राहून सगळं सांगितलं, कोरडं, कोरड्यास, प्रश्न आणि उत्तर, सगळं, आणि या खेपेला एकही ‘हाय’ निघू दिलं नाही. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, व्युत्पत्ती ठीक आहे, पण त्याने तुझी चूक सुटत नाही. चतुर्थी ती चतुर्थी. तिचं नाम होत नाही. तुमच्यात ‘कोरड्यासात मीठ जास्त झालं’ असंही म्हणत असतील. विभक्तीवर विभक्ती लागत नाही, हे पहिल्या पाठात शिकवलं आहे. मुली आता हसत नव्हत्या. त्या बघत होत्या. मी बसले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. बाईंनी तशी खूणही केली, बस खाली. पण कालच्या यादीतला बाईंचा तिसरा शब्द माझ्या डोक्यात रात्रभर भाकरीसारखा उलटसुलट भाजत होता.

“बाई, मग तोंडीलावणं कसं चालतं?” मी विचारलं. “तोंडी ही सप्तमी आहे. त, ई, आ. तोंडात लावायचं ते तोंडीलावणं. आणि तुम्ही ‘तोंडीलावण्यात मीठ जास्त झालं’ असं म्हणताच की. तुमच्या सप्तमीचं नाम होतं, तर आमच्या चतुर्थीचं का होत नाही?”

बाईंच्या कानाची पाळी लाल झाली. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना उत्तर सापडलं नाही आणि सापडलं नाही हे आम्हा नऊ जणींना दिसलं, हेच त्यांना जास्त लागलं. माझ्याही बोलण्यात ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ नको तेवढे आले होते, हे आज मला कळतं. तेव्हाही कळलं असतं तर मी ते काढले असते का, याची खात्री नाही. बाई एवढंच म्हणाल्या की हा उद्धटपणा आहे, आणि मला वर्गाबाहेर उभं केलं. दुपारी मोठ्या बाईंकडे वर्दी गेली. मुलीचा अर्ज शिक्षिकेच्या सहीशिवाय परीक्षेला जात नसे. माझ्यापुरतं असं ठरलं की पन्नास ओळी आणून दिल्याशिवाय सही नाही, आणि तोवर वर्गातही यायचं नाही. आठ अर्जांवर त्याच दिवशी सह्या झाल्या.

आण्णांना हे कळलं तेव्हा त्यांनी आधी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “लिही की. शाईच जाईल, तुजं काय जातंय?” त्यांचं म्हणणं सरळ होतं. गिरणीत रोज जॉबरपुढे, म्हणजे मुकादमापुढे, मान खाली घालणाऱ्या माणसाला कागदावर पन्नास वेळा खोटं लिहिणं फार मोठी गोष्ट वाटणार नाही. मी म्हटलं, खोटं आहे ते. ते म्हणाले, जगात सगळं खरंच लिहिलेलं असतं का. मी म्हटलं, मी लिहिणार नाही. मग मंद्रूपला निरोप धाडतो, असं ते म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवशी पहाटे आईने मला उठवलं आणि काठवटीपुढे बसवलं. शाळा न्हाय तर हात तरी चालू दे, म्हणाली. आठ दिवस मी भाकऱ्या थापल्या. पहिल्या दिवशी एकही गोल झाली नाही. मल्लप्पाने एक हातात धरून फिरवून बघितली आणि विचारलं, हा कुठल्या गावाचा नकाशा आहे. सातव्या दिवसापर्यंत भाकरी फुगायला लागली. मला ते आवडत नव्हतं असं नाही. पण उरलेल्या जन्मभराचं हेच असेल, या विचाराने माझे हात जड व्हायचे. लिहून टाकावं, असं रोज दुपारी एकदा वाटायचं. वही समोरच होती. संध्याकाळी गडी आले आणि त्यांनी विचारलं की ते पुन्हा अशक्य व्हायचं. सात जण ओळीने एक शब्द वापरत असताना तो नाही असं कसं लिहायचं?

अर्ज पाठवायचा शेवटचा दिवस उजाडला. गडी पाळीवर होते, आण्णाही. दुपारी चारच्या सुमारास आम्ही दोघी सांजच्या भाकऱ्यांना बसलो होतो, तेव्हा पडवीच्या पायरीशी पांढरं पातळ दिसलं. परांजपेबाई एकट्याच आल्या होत्या. चाळीतल्या बायका दारादारांतून वाकून बघायला लागल्या. आईने झटकन घोंगडी अंथरली. बाई क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग बसल्या. आईने पाणी विचारलं नाही. आमच्या घरचं पाणी बाईंना घेता आलं नसतं आणि नको म्हणणंही त्यांना जड गेलं असतं. दोघींनी एकमेकींना त्या अडचणीतून न बोलता सोडवलं. बाईंनी पिशवीतून माझा बिनसहीचा अर्ज काढला आणि मांडीवर ठेवला. मग आईकडे बघून म्हणाल्या, मुलगी हुशार आहे. हट्टी आहे. परीक्षक माझ्यासारखे समजावत बसणार नाहीत, असला शब्द दिसला की गुण कापतील आणि असा वाद दिसला तर नापासच करतील. हे तिला आत्ताच कळावं म्हणून मी ताणलं. मग माझ्याकडे वळल्या. पन्नास वेळा नको. एकदाच लिही, हौसा. मोठ्या बाईंना दाखवायला कागद हवा. एक ओळ, आणि मी सही करते.

मी आईकडे बघितलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हात पिठाचे होते म्हणून ते तिने अंगापासून लांब धरले होते.

“बाई,” ती म्हणाली, “तिनं तुमच्या तोंडाला तोंड दिलं, त्याबद्दल तिला चार रट्टे द्या. मी धरून देते. पर कोरड्यास न्हाय असं तिनं हितं बसून लिवायचं, आन् सांजच्याला सात माणसं ताटावर बसली की मी काय वाढायचं?”

बाईंनी अर्जावरचा हात उचलला आणि पुन्हा ठेवला. ऊन पडवीच्या निम्म्यावर आलं होतं. टपाल पाचला निघे. माझं डोकं स्वच्छ होतं. मी उठून दौत आणली, टाक आणला, वहीचं एक पान फाडलं, आणि भाकऱ्यांचं पीठ लागलेल्या हाताने एक ओळ लिहून बाईंच्या पुढे ठेवली.

कोरड्यास हा शब्द पुस्तकात नाही.

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, “‘पुस्तकात’ हे मी सांगितलं नव्हतं.”

“नाही बाई. ते माझं आहे.”

“म्हणजे चूक पुस्तकाची, असं म्हणायचंय तुला?”

शाळेत असते तर ‘होय बाई’ म्हणाले असते. पण ही शाळा नव्हती. त्यांनीच माझ्या दारात येऊन मला विचारलं होतं.

“व्हय,” मी म्हटलं.

बाईंनी माझ्या हातातला टाक मागून घेतला. त्या काळी ‘पुस्तकांत’ आणि ‘नाहीं’ या दोन्ही शब्दांच्या डोक्यावर अनुस्वार द्यावा लागे. बोलताना तो कुणी उच्चारत नसे, बाईसुद्धा नाही, पण लिहिताना सुटला तर चूक धरत. माझ्याकडून दोन्ही सुटले होते. बाईंनी ते दोन ठिपके जागच्या जागी, नीट, शाईचा ओघळ न येऊ देता दिले. एकाही शब्दाला हात लावला नाही. मग टाक पुन्हा दौतीत बुडवला, अर्ज गुडघ्यावर सरळ केला आणि सही केली.